लहान राहिलेल्या पिल्लांना सोबत म्हणून नवी पिल्लं आणू नका

तुम्ही लिहिलंय की एकाच दिवशी आणलेली कोंबडीची तीस पिल्लं चार आठवड्यांची झाली, त्यातली सात-आठ इतरांच्या निम्मीच दिसतात, आणि त्यांना जोडीला दोन आठवड्यांची नवी पिल्लं आणून खाली अंथरलेल्या त्याच तुसावर सोडायचा विचार आहे. कृपा करून थांबा. मी नेमकं हेच केलं होतं.

माझी मोठी पिल्लं ठणठणीत होती, लहान होती ती फक्त लहान होती. आजार कुठे दिसतच नव्हता. पण रक्ती हगवणीचे जंतू शिटेतून तुसात पडतात आणि ऊब-ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. जुनी पिल्लं रोज थोडे थोडे गिळत त्याला सरावलेली असतात. नव्यांच्या अंगात ती ताकद नसते. सहाव्या दिवशी नवी पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात दाटीनं बसली आणि शिटेत रक्त दिसलं.

मेलेली दोन घेऊन मी तपासणीसाठी एका कार्यालयात गेले. पिशवी उघडून बघायलाही कोणी तयार नव्हतं. अर्ज भरा, तपासणारे परवा येतील. शिट न बघताच हातात अँटिबायोटिकची पूड दिली. ती पूड देण्यात तीन दिवस गेले, मरतूक काही थांबली नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पिल्लू फाडून दाखवलं, आतड्याच्या शेवटच्या दोन पिशव्या रक्तानं भरलेल्या. पाण्यातून अँप्रोलियम हे रक्ती हगवणीवरचं औषध सुरू केल्यावर मर थांबली, पण तोवर नव्यांतली अकरा गेली होती. त्या तीन दिवसांचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, शिटेत रक्त दिसलं तर ‘परवा या’ ऐकून घरी परतू नका, त्याच दिवशी बघणारा माणूस शोधा. मात्र औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. मी डॉक्टर नाही.

आता तुमच्या सात-आठांबद्दल. माझं मत असं की अशी बरीचशी पिल्लं आजारी नसतात, खाद्याच्या भांड्यापाशी त्यांची पाळीच येत नाही. दिवसा बघून हे कळत नाही, कारण तीही भांड्याभोवती पळत असतात. रात्री दिवा मालवल्यावर एकेक हातात घ्या आणि गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. मोठ्यांची टम्म आणि यांची रिकामी लागली, तर गोष्ट भांड्याची आहे. मी त्याच खोलीत मधोमध जाळी लावून लहानांना वेगळं केलं, त्यांचं खाद्य-पाणी वेगळं ठेवलं. जाळीतून एकमेकांना बघत राहिली तर नंतर एकत्र करताना मारामारी कमी होते. आठ-दहा दिवसांत माझी बहुतेक सावरली. अन्नपिशवी भरलेली असूनही वजन हलत नसेल, पिसं वाकडीतिकडी फुटत असतील, तर मात्र दोष आतला आहे. तशी दोन मी वाढवली, पण पुढे त्यांची अंडी उबवायला कधीच ठेवली नाहीत.

नर-मादी मिसळलेले असतील तर चौथ्या आठवड्यात फरक दिसणारच, नर पुढे जातात. जाती मिसळलेल्या असतील तर तुलनाच सोडा. मांसाची जात पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते, अंड्याची तेव्हा अर्ध्या किलोच्याही आत असते. माझा अनुभव अंड्याच्या जातीचा आहे, तेवढं धरून वाचा.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाद्य टाकण्याआधी घ्या. दहातली आठ पिल्लं सरासरीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे असली तर कळप एकसारखा मानतात. पिल्लं ओळखायला खूण करताना लाल रंग वापरू नका, बाकीची तिथेच चोच मारतात.

आणखी एक. लहानांना ‘ताकद यावी’ म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका. त्यातला चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्यच चालू ठेवा, आणि आज सगळ्यात आधी पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस काढा.