ओळखीने मिळालेल्या आरामाच्या नोकरीला मराठीत काय म्हणतात?

एकच शब्द पुरत नाही. पदाबद्दल बोलायचंय की माणसाबद्दल, ते आधी ठरवा.

माणसाला सरळ ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणतात. अशांनी कचेरी भरली की ती ‘खोगीरभरती’. खोगिरात चिंध्या कोंबतात, तशी नुसती जागा भरायला केलेली भरती. मला हाच शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण माणसं निरुपयोगी आहेत हे त्यातच येतं. बिनकष्टाच्या कमाईच्या पदाला ‘चराऊ कुरण’ म्हणतात, पण त्यात खाबूगिरीचा आरोप आहे. नुसत्या आरामाच्या नोकरीला तो लावू नका.

राजकारणातले शब्द वेगळे. तिथे महामंडळावर ‘वर्णी लागते’ किंवा नाराजाचं ‘राजकीय पुनर्वसन’ होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे जास्तीत जास्त ४३ मंत्री. उरलेल्या इच्छुकांना महामंडळाचं अध्यक्षपद, सोबत गाडी आणि अनेकदा राज्यमंत्रिपदाचा दर्जा. अशी पदं भराभर वाटली की वर्तमानपत्रं ‘खिरापत’ लिहितात.

घरगुती बोलण्यात मात्र ‘साहेबांनी भाच्याची सोय लावली’ एवढं पुरतं.