फॉस्फेटचं बेट

प्रश्न : सर, कपाशीला सुपर फॉस्फेट टाकताना मुलगा म्हणाला, हेच विकून एक देश श्रीमंत झाला अन् मंग कंगालही. खरं का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : खरं आहे, भाऊ. देशाचं नाव नाउरू, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला, प्रशांत महासागरात. क्षेत्रफळ फक्त 21 चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या दोन-चार गावांचं शिवार. लोक सुमारे 12 हजार. 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण फॉस्फेटचं खणणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. त्या खतावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं पिकली आणि नाउरूचं मधलं पठार खरवडलं गेलं. तिथं आता चुनखडीचे सुळके उभे आहेत. पेरायला माती नाही, म्हणून वस्ती किनाऱ्याच्या पट्ट्यात. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. पैसा परदेशी गुंतवणुकीत बुडाला. मेलबर्नमधली त्यांची उंच इमारतसुद्धा 2004 मध्ये विकावी लागली.

संसद 19 सदस्यांची, तीच राष्ट्राध्यक्ष निवडते. अधिकृत राजधानी नाही, कचेऱ्या यारेन जिल्ह्यात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. आज उत्पन्न येतं ते मुख्यतः परदेशी बोटींच्या ट्यूना मासेमारी परवान्यांतून आणि ऑस्ट्रेलियाने तिथं पाठवलेल्या आश्रयार्थींच्या केंद्रापोटी.

मुलाला नकाशात सॉलोमन बेटांच्या ईशान्येला शोधायला सांगा.