रेसला हात लावू नका: बसून चालवायच्या फवारणी मशीनचे प्रश्न

लग्नसराई संपली, दोन पाऊस पडले की मंगल कार्यालयवाल्यांचे लॉनसाठी फोन सुरू होतात, अन् त्याच टायमाला सोयाबीनवाल्यांचेही. मशीन वेगळं, दुखणं बरंचसं एकच, म्हणून यावेळी दोघांचे प्रश्न एकाच ठिकाणी घेतलेत.

प्रश्न (बीड): लॉनसाठी बसून चालवायचं फवारणी मशीन घेतलं. पोरगं चालवतंय, पण दोन्ही टोकाला जिथं वळतं तिथंच गवत पिवळं पडायलंय, मधी एकदम हिरवं. औषध जास्त घातलं का?

टाकीत बरोबरच घातलं असंल, पडलं जास्त. वळताना पोरगं हळू होतंय पण पंप काय हळू होत नाही, नोझलमधून मिनिटाला जेवढं यायचं तेवढं येतच राहतं. वेग निम्मा झाला की त्या जागेवर औषध दुप्पट, अन् वळताना एक बाजू जवळपास जागेवरच फिरते तिथं तर विचारूच नका. म्हणून टोक यायच्या आधी बूमचं (नोझल लावलेल्या आडव्या दांडीचं) बटन बंद करायचं, वळायचं, सरळ लागून वेग घेतला की चालू. आधी दोन्ही टोकाला मशीनच्या दोन पट्ट्यांएवढी (एका फेरीत फवारा पडतो ती एक पट्टी) जागा सोडा अन् ती सगळ्यात शेवटी आडवी मारून घ्या. लॉनवर दोन सुतळ्या बांधल्या तरी पोराला खूण पुरते.

प्रश्न (जालना): ट्रॅक्टरचा बूम हाय. सोयाबीनमधी हळू जावं म्हणून रेस कमी केली की फवारा तुटतो, नोझल ठिबकायला लागतात. मग प्रेशर पिळलं तर नुसतं धुकं होऊन वाऱ्यावर जायलंय.

दादा, इथंच सगळे फसतात. रेस कमी केली की पीटीओ (ट्रॅक्टरमागचा पंप फिरवणारा दांडा) बी हळू फिरतो, पीटीओ हळू म्हणजे पंप हळू. मीटरवर 540 पीटीओची (मिनिटाला 540 फेऱ्यांची) खूण असती, रेस तिथं लावा अन् विसरून जा. हळू जायचंय ना, मग खालचा गिअर टाका. लॉनच्या बऱ्याच मशीनला गिअर नसतो, पायाचं पेडल असतं, तिथं बी तेच, रेस खुणेवर कायम अन् वेग फक्त पेडलवर.

दुसरं, प्रेशर वाढवून पाणी वाढत नाही, म्हणजे वाढतं पण लई थोडं. पाणी दुप्पट पाहिजे तर प्रेशर चौपट करावं लागतं, अन् तोवर थेंब इतका बारीक होतो की शेजाऱ्याच्या रानात जातो. जास्त पाणी पाहिजे तर मोठं नोझल बसवा. पिवळं नोझल 3 किलो प्रेशरला मिनिटाला 800 मिली देतं, निळं 1200 मिली.

प्रश्न (हिंगोली): एकरी किती पाणी पडतंय हे आधीच कळतं का?

कळतं, अन् औषध न घालता कळतं. टाकीत साधं पाणी भरा. रानातच 50 मीटर मोजा (रस्त्यावर नको, तिथला वेग वेगळा येतो), मोबाईलवर टाइम लावा. 36 सेकंद लागले म्हणजे ताशी 5 किलोमीटर. मग उभं राहून एकेका नोझलखाली मापाचा मग धरा, एक मिनिट. समजा 800 मिली आलं अन् नोझलमधलं अंतर अर्धा मीटर आहे, तर 0.8 गुणिले 600, त्याला 5 अन् अर्ध्याच्या गुणाकारानं भागा, हेक्टरी 192 लिटर आलं, एकरी 78 च्या आसपास. एखादं नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त टाकत असंल तर ते झिजलं, बदलून टाका, महाग नसतं. आडकलं तर जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करा, टाचणीनं नाही अन् तोंडानं फुंकून तर अजिबातच नाही.

प्रश्न (लातूर): प्रेशर गेजचा काटा थरथरतोय.

आधी टाकीखालची जाळी बघा, बहुतेक चोंदलेली असते. नाहीतर ओढणाऱ्या पाइपाची क्लिप ढिल्ली असून हवा घेतंय. पडद्याच्या (डायफ्राम) पंपाचं ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर पडदा फाटला, मशीन तिथंच उभं करा.

प्रश्न (परभणी): चालू करताना कोणता लिव्हर आधी?

बूम बंद, बायपास (पाणी परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा, कमी रेसवर पंप जोडा, मग हळूहळू रेस वाढवा, बूम उघडा अन् फवारा चालू असतानाच प्रेशर सेट करा, बंद बूमवर लावलेलं प्रेशर नंतर खाली येतंच. बंद करताना आधी बूम. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा बायपास बंद ठेवून एकदम रेस दिली होती, पाइप निसटला अन् मी डोक्यापासून भिजलो, नशीब टाकीत विहिरीचं पाणी होतं.

प्रश्न (बीड, परत तेच मालक): लॉनमधल्या रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी तणनाशक मारलं. कुंपणापलीकडं कापूस हाय, काही होतं का?

होतं की! कपाशीला त्याचा नुसता वास बी सहन होत नाही, पानं भेंडीच्या पानासारखी फाटतात अन् मग शेजारी दारात येतो. वारा कापसाकडं असला तर त्या दिवशी मशीन काढूच नका, वारा फिरला तरी प्रेशर कमी, बूम गवतापासून अर्धा मीटर अन् बूमचा कुंपणाकडचा भाग बंद ठेवा, तिथलं तण हातानं उपटा. अन् तीच टाकी पुढं फुलझाडांना वापरणार असाल तर नुसतं विसळून भागत नाही, तीन वेळा धुवा, दर वेळी पाणी पाइपातनं अन् नोझलमधनं बाहेर काढा, जाळ्या काढून वेगळ्या धुवा. मी तर म्हणतो तणनाशकाला एक जुना पंप वेगळाच ठेवा अन् त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे पोरगं घाईत तोच उचलणार नाही.