तुरिनला शिकायला जातोय. तिथल्या तोरिनो फुटबॉल क्लबचा इतिहास काय? आणि त्याच शहरात युव्हेंटस असताना तोरिनोला पाठिंबा देतं तरी कोण?

मी देतो. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग झोंबला, कारण माझा दादा शब्दशः हेच म्हणतो. युव्हेंटसचा स्टार देल पिएरो खेळायचा त्या काळापासून तो युव्हेंटसवाला. ‘जिंकत नाहीत त्यांच्यामागे कशाला फिरायचं?’ हे त्याचं पालुपद.

दादा, ऐक. तोरिनो 3 डिसेंबर 1906 ला एका बिअर हॉलमध्ये स्थापन झाला, आणि स्थापन करणाऱ्यांत युव्हेंटसमधून भांडून बाहेर पडलेले लोक होते. त्यांचा म्होरक्या आल्फ्रेदो डिक हा युव्हेंटसचाच माजी अध्यक्ष. जर्सी डाळिंबी. 1943, 46, 47, 48 आणि 49 अशा ओळीने इटलीच्या पाच लीग जिंकल्या (मधली दोन वर्षं युद्धामुळे नेहमीची लीग झालीच नाही). घरच्या फिलाडेल्फिया मैदानावर सहा वर्षांहून जास्त काळ लीगचा एकही सामना हरले नाहीत. तिथे ओरेस्ते बोल्मिदा नावाचा रेल्वेतला माणूस स्टँडमधून बिगुल वाजवायचा, कॅप्टन वालेंतिनो मात्सोला बाह्या वर सरकवायचा आणि पुढची पंधरा मिनिटं समोरच्या टीमची धूळधाण. मे 1947 मध्ये हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरांतले दहा तोरिनोचे होते. अकरावा, म्हणजे गोलकीपर, युव्हेंटसचा.

4 मे 1949. लिस्बनला बेनफिकाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून परतताना धुक्यात विमान तुरिनजवळच्या सुपेर्गाच्या टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं. 31 माणसं गेली, त्यांत 18 खेळाडू. इटलीला दोन वर्ल्ड कप जिंकून देणारे प्रशिक्षक वित्तोरियो पोत्सो यांच्यावर मृतदेहांची ओळख पटवायची वेळ आली. लीगचे चार सामने उरले होते, ते तोरिनोची ज्युनियर पोरं खेळली. समोरच्या क्लबांनीही आपली ज्युनियर टीमच उतरवली.

हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला ते कळलं घरमालकीणबाईंमुळे. तुरिनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात होतो तेव्हा त्यांच्याकडे खोली घेतली होती. 1949 साली त्या नऊ वर्षांच्या. अंत्ययात्रेला वडिलांनी खांद्यावर बसवून नेलं, तर त्यांना दिसली ती फक्त टोप्या काढलेली डोकी, रस्ताभर. एका 4 मेला त्या मला सुपेर्गावर घेऊन गेल्या. टेकडीच्या पायथ्याच्या सास्सीहून दातेरी रुळांवरची जुनी ट्राम खडखडत वर जाते, तिने. चर्चला वळसा घालून मागे गेलो. भिंतीशी नावांची शिळा, तिच्याखाली फुलं, मफलर, पावसाने फुगलेले फोटो. दरवर्षी क्लबचा कॅप्टन तिथे नावं वाचतो, नुसती नावं, आडनावांच्या क्रमाने. ‘बाचिगालुपो’ झालं. मग ‘बाल्लारिन आल्दो’, आणि लगेच ‘बाल्लारिन दिनो’. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. सख्खे भाऊ. दिनो तिसरा गोलकीपर, त्याची पाळीच नव्हती. धाकट्यालाही लिस्बन बघू दे म्हणून आल्दोने शब्द टाकला आणि रेनातो गांदोल्फीऐवजी दिनो विमानात बसला.

त्या रात्री दादाला फोन केला. भावांचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘ते ठीक आहे, पण 1976 नंतर लीग किती?’ एकही नाही, दादा. मला माहीत आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. 1967 मध्ये लाडका विंगर जीजी मेरोनी रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. गाडी चालवणारा पोरगा तोरिनोचाच चाहता होता, आणि पुढे तो क्लबचा अध्यक्षही झाला. 1976 ला पुलिची आणि ग्रात्सियानी यांच्या जोरावर लीग, युव्हेंटसच्या नाकावर टिच्चून. 1992 ला यूएफा कपच्या फायनलमध्ये आयाक्सविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत सुटले, तीनदा चेंडू गोलच्या खांबांना लागून परतला आणि समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो या नियमाने कप आयाक्सकडे गेला. 2005 ला दिवाळं. फिलाडेल्फिया कित्येक वर्षं पडीक होतं, 2017 मध्ये सरावासाठी पुन्हा उभं राहिलं.

आता तुमचं. चकचकीत स्टेडियम आणि ट्रॉफ्या हव्या असतील तर खुशाल युव्हेंटसकडे जा, माझं काही म्हणणं नाही. पण शहर कळून घ्यायचं असेल तर तोरिनो. ज्याच्या विजयाचीच नव्हे, दुःखाचीही तारीख शहराला पाठ आहे, असा क्लब दादाने मला अजून दुसरा दाखवलेला नाही.

एक राहिलंच. तोरिनोही काही सोवळा नाही, 1927 ची लीग सामना विकत घेतल्याच्या आरोपावरून काढून घेतली होती. आणि हल्लीची टीम बघताना संयम लागतो, 0-0 ची सवय करून घ्या. 4 मेला वर जाणार असाल तर दुपारीच सास्सीला पोचा, ट्रामला गर्दी असते. फुलं खालूनच घेऊन जा.