हार्ट फेल्युअर आणि आतड्यातले जीवाणू: सासऱ्यांना प्रोबायोटिक सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं पंपिंग ३० टक्के आहे (म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी तेवढंच बाहेर ढकलतो), पोट सतत फुगलेलं असतं, चार घास खाल्ले की पुरे म्हणतात. आतड्यातल्या जीवाणूंमुळे हार्ट फेल्युअर होतं असं एका व्हिडिओत ऐकलंत, म्हणून प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंची किंवा यीस्टची, पाकिटं सुरू करायची आणि अंडी बंद करायची असं मनात आहे. माझं नाशिकला पंचवटीत मेडिकल आहे आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटची औषधं रोज काढून देतो. ही पाकिटं मीही विकतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नका असंच सांगेन.

संबंध खरा आहे, फक्त सुरुवात बऱ्याचदा हृदयाकडून होते. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडलं की ते मागे तुंबतं. पायावरची सूज आपल्याला बोट दाबून कळते, खड्डा पडतो. तशीच सूज आतड्याच्या भिंतीलाही येते, ती दिसत नाही. भिंत जाड होते, तिला ताजं रक्त कमी मिळतं, आतलं आत ठेवण्याची तिची ताकद घटते. मग एंडोटॉक्सिन, म्हणजे जीवाणूंच्या आवरणातला विषारी भाग, रक्तात झिरपतो आणि अंगात दाह वाढतो. तो दाह थकलेल्या हृदयाला आणखी थकवतो. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सूज असलेल्या पेशंटच्या रक्तात एंडोटॉक्सिन जास्त सापडलं होतं, आणि लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरवल्यावर ते कमी झालं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत कामाची गोष्ट वाटते. सासऱ्यांचं फुगलेलं पोट आणि मेलेली भूक हे अपचन नसून साठलेलं पाणी असू शकतं. तसं असेल तर डॉक्टर लघवीच्या गोळीचा डोस बदलतील. पाकिटाने ते पाणी उतरणार नाही.

आता अंड्यांचं. अंड्यातलं कोलीन आणि मटणातलं कार्निटीन हे घटक आतड्यातले काही जीवाणू फोडतात, त्यातून टीएमए नावाचा वायू बनतो, आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने यावर बरंच काम केलं. २०१४ मध्ये त्यांनी हार्ट फेल्युअरच्या ७२० पेशंटचा अभ्यास मांडला. ज्यांचं टीएमएओ जास्त, त्यांच्यात पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. उंदरांना टीएमएओ खाऊ घातल्यावर त्यांचं हृदय जास्त बिघडल्याचंही दिसलंय. पण टीएमएओ बाहेर टाकतात किडन्या, आणि हृदय कमजोर झालं की किडन्याही मंदावतात. त्यामुळे वाढलेलं टीएमएओ हे कारण किती आणि नुसती खूण किती, हा वाद मिटलेला नाही. समुद्री मासळीत तर ते आयतंच भरपूर असतं, तरी मासे हृदयाला वाईट ठरलेले नाहीत. ज्या माणसाला जेवणच जात नाही, त्याच्या ताटातलं अंडं एवढ्यावरून काढू नका. त्यातून मिळणारं प्रोटीन त्यांना हवंय.

प्रोबायोटिकची परीक्षाही झालीय. ‘गटहार्ट’ नावाच्या चाचणीत पंपिंग कमी असलेल्या पेशंटना नेहमीच्या औषधांसोबत सॅकरोमायसिस बुलार्डी, म्हणजे आपल्याकडे जुलाबावर देतात ते यीस्ट, किंवा रिफॅक्सिमिन हे मुख्यतः आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक दिलं. पंपिंगमध्ये फरक पडला नाही. शिवाय फार अशक्त पेशंटला, विशेषतः मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल तर, हे यीस्ट रक्तात शिरण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो. चिठ्ठीत डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी असेल तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. एगर्थेला लेंटा नावाचा आतड्यातला जीवाणू काहींच्या पोटात या गोळीचा बराचसा भाग निकामी करतो. अँटिबायोटिकने तो मेला की त्याच डोसचं औषध अंगात जास्त पोचतं, आणि डिगॉक्सिनमध्ये पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं असतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने तर ते दुसऱ्या वाटेनेही वाढतं. सर्दी-खोकल्यासाठी कुठे दाखवलंत तरी आधीची चिठ्ठी सोबत न्या.

जेवणात जीवाणूंसाठी काही करायचंच असेल तर ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, शिजवलेल्या भाज्या. पोट फुगतंय तोवर थोडं थोडं, एकदम कडधान्यं नकोत. ताक चालेल, पण बिनमिठाचं, आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं असेल तर ते त्यातच धरा. खरा घात मिठाने होतो. मिसळीबरोबरचा पापड, चिवडा, लोणचं हे सगळं मीठच आहे. ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या, पोटॅशियम अंगात राखणाऱ्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

उद्यापासून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्यांचं वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, किंवा रात्री उशा वाढवून झोपावं लागायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आताच्या पोट फुगण्याचंही त्यांना याच आठवड्यात सांगा, आणि जाताना ती वही आणि सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन जा.