चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती सापडणारे जास्त ऊर्जेचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) सगळे सूर्याकडूनच येतात का? उपग्रहांना ते कसं कळतं, आणि हा डेटा घरी बघता येतो का?

सगळे? अजिबात नाही. मे 2024 चं मोठं वादळ झालं, लडाखात हानलेचं आकाश लाल दिसलं आणि मग पुण्यात व्याख्यानांची लाटच आली. कोथरूडच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी स्लाइड लावली, सूर्यापासून निघालेले बाण थेट रिंग करंटमध्ये, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आयनांच्या कड्यात, घुसलेत. प्रश्नोत्तरांत मी विचारलं, सर, मग एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन तिथे कुठून आला? सूर्याचा कोरोना, म्हणजे त्याचं बाहेरचं वातावरण, दहा लाख अंशांच्या वर, तिथून निघालेल्या ऑक्सिजनचे बहुतेक सहा-सात इलेक्ट्रॉन उडालेले असतात, एकच गेलाय म्हणजे तो आपल्याच आयनोस्फिअरमधून, म्हणजे हवेच्या वरच्या आयनांच्या थरातून, वर गेलाय. तेवढ्यात आयोजक काका, "प्रश्न विचारा, भाषण नको." पुढच्या रांगेत हशा. चहाच्या वेळी वक्ते म्हणतात, "सामान्य लोकांसाठी सोपं करावं लागतं हो." अहो, आपल्याच हवेतला ऑक्सिजन वर जातो आणि जोर घेऊन फिरतो, यात अवघड काय आहे? लोकांना कळत नाही असं धरून चालणारे वक्ते माझ्या डोक्यात जातात.

आणि हे काही कालचं नाही. 1971 च्या डिसेंबरातल्या वादळातच उपग्रहाला असा ऑक्सिजन दिसला होता. पण जास्त ऊर्जेच्या आयनांचा नीट हिशोब लागला 1984 मध्ये सोडलेल्या अ‍ॅम्प्टे सीसीई या उपग्रहामुळे. त्यातलं यंत्र आधी विद्युत क्षेत्रातून ठरावीक 'ऊर्जा भागिले चार्ज' असलेलेच आयन आत घेतं, मग पातळ कार्बनच्या पापुद्र्यापासून डिटेक्टरपर्यंत जायला किती वेळ लागला ते मोजतं, शेवटी डिटेक्टरमध्ये ऊर्जा. तिन्ही आकडे हातात आले की वस्तुमान आणि चार्ज वेगवेगळे निघतात, अंदाजाचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी 1986 च्या वादळात ऐन भरात रिंग करंटच्या ऊर्जेत ऑक्सिजनचा वाटा प्रोटॉनपेक्षा (म्हणजे हायड्रोजनच्या आयनांपेक्षा) जास्त निघाला!

हां, छोट्या वादळात प्रोटॉनच पुढे असतात, आणि प्रोटॉन दोन्हीकडून येतात त्यामुळे त्यांचं गाव सांगणं कठीण. सगळ्याला जोर पुरवतो तो सौरवाराच, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा कणांचा झोत, त्यावर माझा वाद नाहीच.

डेटा नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर फुकट आहे. व्हॅन अ‍ॅलन प्रोब्स या उपग्रहांवरचं होप हे आयन मोजणारं यंत्र निवडा, 17 मार्च 2015 चं वादळ काढा, ऑक्सिजन आणि प्रोटॉन शेजारी लावा. पुढच्या वेळी कुणी सगळे बाण सूर्याकडूनच काढले तर सरळ चार्ज विचारा, चहापर्यंत थांबू नका.