डिरेक्टरीत साइट लागत नाही, काय करू?

प्रश्न: सर, मी रिटायर्ड शिक्षिका, कराडजवळ राहते. आजी, आत्या आणि गावातल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या वहीत लिहून ठेवल्या होत्या, भाच्याने त्यांची साइट करून दिली. कर्ली नावाच्या डिरेक्टरीत (वेबसाइटच्या विषयवार यादीत) ती यावी म्हणून आठ महिन्यांत चार वेळा फॉर्म भरला पण काहीच झालं नाही. आता एक जण म्हणतोय आठ हजार द्या, महिन्यात लावून देतो. देऊ का?

उत्तर: ताई, एक रुपयासुद्धा देऊ नका. कर्लीत नाव लावायला फी नाही, पैसे भरून लवकर लागायची सोयही नाही. तिथले एडिटर, म्हणजे साइट तपासून यादीत लावणारे, सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही, आणि एखादा एडिटर पैसे घेऊन साइट लावताना सापडला तर त्याचं एडिटरपण जातं. तो माणूस फार तर तुम्ही भरला तोच फॉर्म पाचव्यांदा भरणार.

ही कर्ली म्हणजे डीमॉझ नावाच्या जुन्या डिरेक्टरीची वारस. १९९८ साली रिच स्क्रेन्टा आणि बॉब ट्रुअल यांनी अमेरिकेत डीमॉझ सुरू केली, त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने घेतली, पुढे एओएल या इंटरनेट कंपनीकडे गेली आणि २०१७ च्या मार्चमध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यात ३८ लाखांवर साइट होत्या आणि ९० भाषा. बंद झाल्यावर एडिटर लोकांनीच तो सगळा डेटा घेऊन कर्ली उभी केली, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता तुमचं का अडलं असेल ते सांगतो. आपला समज असा की फॉर्म भरला म्हणजे रेशनच्या रांगेत नंबर लागला, कधी ना कधी येणारच. तसं नसतं. तुमची साइट त्या कॅटेगरीच्या ढिगात जाऊन पडते आणि एडिटरला वेळ होईल तेव्हा तो त्यातली कुठलीही उचलतो, ढिगाकडे न बघता स्वतः शोधूनही साइट लावतो. मराठीसारख्या भाषेत हात लावणारी माणसंच कमी, त्यामुळे महिनोन्‌महिने जातात. आणि परत परत भरून फायदा शून्य. डीमॉझच्या काळात तर त्याच कॅटेगरीत पुन्हा भरलं की आधीची नोंद पुसून नवी तारीख पडायची, म्हणजे घाई करणाराच मागे जायचा. म्हणून आता नीट तयारी करून एकदाच भरा आणि सोडून द्या.

तयारी म्हणजे काय, तर पहिलं कॅटेगरी. तुम्ही 'महाराष्ट्र' शोधून कॅटेगऱ्यांच्या इंग्रजी झाडात टाकली असेल तर तिथे मराठी साइट बसतच नाही, त्या झाडात इंग्रजी साइट असतात. मराठीतली साइट मराठीच्या फांदीखाली, त्यातही तुमच्यासारख्या साइट आधीच कुठे आहेत ते बघून तिथे. अगदी नेमकी जागा नसेल तर एक पायरी वर टाका, एडिटर सरकवतो.

दुसरं डिस्क्रिप्शन, बहुतेकांचं इथेच चुकतं. 'ओव्यांचा सर्वात मोठा आणि सुंदर खजिना, अवश्य भेट द्या' असं लिहिलं की एडिटरला ते सगळं खोडून पहिल्यापासून लिहावं लागतं, मग तो पुढची साइट उघडतो. त्यापेक्षा 'कराड परिसरातल्या बायकांकडून ऐकून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्या, विषयवार, अवघड शब्दांच्या अर्थासह' एवढं पुरे. शीर्षकात फक्त साइटचं नाव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साइटवर तुमचं स्वतःचं काय आहे? एडिटर हेच बघतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी जमवलेल्या लाखभर ओव्या आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटकडे आहेत, फार मोलाचं काम आहे ते. तिथल्याच उचलून टाकल्या असत्या तर साइट लागली नसती. पण तुमच्याकडे तुमच्या आजीच्या ओव्या आहेत ताई, त्या दुसऱ्या कुणाकडे नाहीत! मग कुठल्या गावात, कधी ऐकली, कोण गायचं, ते प्रत्येक ओवीखाली लिहा (गाणाऱ्या बाईंना विचारूनच नाव घाला). 'लवकरच येत आहे' असली रिकामी पानं काढून टाका.

रँकिंगचं खरं सांगतो, यादीत आल्याने गूगलवर वर याल ही आशा ठेवू नका. गूगल पूर्वी डीमॉझचा डेटा घेऊन स्वतःची डिरेक्टरी चालवायचं, ती २०११ लाच बंद झाली. पण मराठी फांदी धरून ओव्या शोधत कुणी आलं तर त्याला तुमचं पान दिसेल, त्यासाठी हे करायचं.

अजून एक मनापासून सुचवतो, तुम्ही स्वतःच एडिटरसाठी अर्ज करा. छोटी कॅटेगरी निवडा, तिथे शोभतील अशा दोन-तीन साइट नीट वर्णन लिहून नमुना म्हणून द्या, आणि ओव्यांची साइट माझी आहे हे अर्जात स्पष्ट लिहा, ते लपवलं तर अर्ज फेटाळला जातो. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासलेत, दोन ओळींचं वर्णन तुमच्यापेक्षा चांगलं कोण लिहिणार?

प्रश्न: आमची साइट लागली पण एडिटरने वर्णन बदलून टाकलं. आमचंच परत लावून मिळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नाही, शेवटचा शब्द त्याचाच. मात्र माहिती चुकली असेल, पत्ता किंवा साइटचं नाव बदललं असेल, तर त्याच कॅटेगरीतून दुरुस्ती सुचवता येते, काय चुकलंय ते एका ओळीत लिहा.